चाखलेलं पाणी

मौलाचाचा गाडी धुवायच्या आधी पाणी चाखायचे. ड्रममध्ये बोट बुडवायचं, जिभेवर टेकवायचं, क्षणभर डोळे मिटायचे, बाजूला थुंकायचं. मगच बादली पाण्यात जायची. आमटीतलं मीठ बघावं तसं हा माणूस गाडीच्या अंघोळीचं पाणी बघतो, याचं नवख्याला हसू यायचं. मलाही लहानपणी यायचं. आता मी वसतिगृहाच्या नळाखाली तांब्या धरते आणि ते बोट डोळ्यांपुढं येतं. मग तांब्या तोंडाला लावायला जरा वेळ लागतो.

मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही, त्यामुळं कागदावर ‘मी’ लिहिलं की दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं होतं. शिवाय चाचांची सगळी हकीगत मला ठाऊक नाही. ते कुठल्या साली जन्मले, त्यांची बायको कशानं गेली, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या दारातून दूध संघाची मागची भिंत दिसायची आणि भिंतीपलीकडून सकाळी बादलीचा आवाज यायचा, तेवढीच माझी माहिती.

आमचं गाव येरमाळ्याहून आत. गावाच्या कडेला संघाचं केंद्र होतं. आसपासच्या खेड्यांतून दूध यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं पुढं जायचं. त्यासाठी आवारात खोल बोअर घेतलेला होता. गावच्या विहिरी आटल्या तरी त्या बोअरला पाणी असायचं. पण ते पाणी संघाचं. फाटकाबाहेर घागर न्यायची नाही असा कडक नियम. भिंतीच्या मागं आमची वस्ती, बौद्धवाडा. माझे वडील आत दुधाचे कॅन धुवायचे. मौलाचाचा ड्रायव्हर होते. चेअरमनसाहेबांची पांढरी ॲम्बॅसिडर त्यांच्या ताब्यात होती.

अंगानं किडकिडीत, दाढीला मेंदी, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. गाडी धुताना ते अनवाणी असायचे. चपला शेडच्या बाहेर, टाचा भिंतीला टेकवून ठेवलेल्या. “चपलंची धूळ गाडीला लागती,” म्हणायचे. गाडी पुसून झाली की ते समोर उकिडवे बसायचे आणि बॉनेटात बघायचे. शेडवर कडुलिंबाचं झाड होतं. त्याची पानं बॉनेटात सुटी सुटी दिसली पाहिजेत. नुसता हिरवा डाग दिसला की पुन्हा फडकं घ्यायचे.

तरुणपणी ते हैदराबादला कुण्या जहागीरदाराच्या मोटारखान्यात होते. निदान ते तसं सांगायचे. जहागीरदाराच्या मोटारीला गुलाबपाण्यानं धुवायचे, असं एकदा सांगितलं आणि पुढच्या वेळी त्याचं केवड्याचं पाणी झालं. माझे वडील हसायचे. पण एक गोष्ट त्यांच्या बोलण्यात कधी बदलली नाही. मोटारखान्याला लागून घोड्यांची पागा होती. मोटार धुतलेलं पाणी पाटानं पागेत जायचं आणि घोडे ते प्यायचे. म्हणून तिथल्या उस्तादानं त्यांना शिकवलं होतं, की घोड्याच्या तोंडी जाणार ते पाणी आधी आपल्या जिभेला लावायचं.

“अन् मोटार चमकवायला पाण्यात काय टाकायचे?” मी एकदा विचारलं होतं.

“कुच नै! पाण्यात काय टाकायचं नसतंय, बेटा. पाण्याचं काम धूळ उतरवायचं. चमक कापडात असती.”

ते कापड आमच्या वस्तीतून जायचं. नवं फडकं त्यांना चालत नसे. बाजारातलं पिवळं फडकं तर ते चिमटीत धरायचे. बायकांची वर्षानुवर्षं धुऊन विरलेली लुगडी त्यांना लागायची. त्यावर ते जवसाचं तेल आणि मेण एकत्र कढवून केलेलं मलम लावायचे, बोटाच्या पेराएवढं, आणि तासभर गाडीवर गोल गोल फिरवत राहायचे. मग सहा महिने धूळ त्या रंगावर टेकायची पण चिकटायची नाही. सखूआत्याचं पांढरं, हिरव्या काठाचं लुगडं त्यांच्या सगळ्यांत आवडीचं. “आक्का, तुमच्या लुगड्याचा हात लई मऊ,” असं ते भिंतीवरून म्हणायचे. आत्या लगेच तोंड सोडायची: “मग त्या चेअरमनला सांगा, म्हारणीच्या लुगड्यानं तोंड पुसतुया म्हून!” दोघंही हसायचे. आत्या आमच्या शेजारची, एकटी, नवऱ्यामागं शेळ्यांवर जगणारी. असलं काही जातीवरचं बोलायचं ते तिनंच बोलायचं. दुसरं कुणी बोललं तर ती भाकरी थापायचा हात उगारायची.

आणि लुगड्याच्या बदल्यात भिंतीपलीकडून पाणी यायचं. शेडची फरशी चाचांनी मागच्या बाजूला उतरती करून घेतली होती. भिंतीच्या बुडाशी एक भोक, भोकाबाहेर दगडाची जुनी डोणी. गाडी धुतली की पाणी भोकातून डोणीत पडायचं. धुळीनं गढूळ, पण थोड्या वेळानं निवळायचं. वस्तीतल्या शेळ्या तिथं पाणी प्यायच्या. फाटकातून पाणी न्यायला बंदी होती. भिंतीखालून वाहून गेलेल्या पाण्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ही डोणी म्हणजे वस्तीतल्या शेळ्यांचा जीव झाली. दुष्काळाचं वर्ष. पलीकडच्या माळावर जनावरांची छावणी पडली होती, पण छावणीत गाय, बैल, म्हैस घेत. शेळी घेत नसत. गरिबाकडं तर शेळीच असते. माणसांना टँकरचं पाणी हंड्याहंड्यानं मिळायचं, त्यातलं शेळीला कुठून द्यायचं? मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा सकाळी आमच्या दारापुढून शेळ्यांची रांग भिंतीकडं जाताना दिसायची. पुढं सखूआत्याची मैना, गाभण, पोट दोन्हीकडं लोंबलेलं.

चाचा तेव्हा गाडी रोज धुवायला लागले होते. पूर्वी दोन दिवसांआड धुवायचे. रोज एक ड्रम. गाडी स्वच्छ असली तरी ड्रम रिकामा व्हायचाच. चेअरमनसाहेबांना गाडीचा भारी सोस, त्यामुळं ते खूश. गावाला मात्र आतलं ठाऊक नव्हतं. चहाच्या हॉटेलात चाचा दिसले की कुणीतरी सुरू व्हायचंच.

“काय मौलाभाई, माणसं पाण्यावाचून मराय लागली अन् तुमी गाडीला पाणी पाजताव. गाभण हाय का काय गाडी?”

“व्हय की,” चाचा बशीत चहा ओतत म्हणायचे, “दिवस भरत आलेत. व्याली की खरवस पाठवतो तुमच्या घरी.”

हॉटेल हसायचं. चाचा खरं कारण सांगायचे नाहीत. खरं सांगितलं असतं तर ते चेअरमनच्या कानावर गेलं असतं आणि भोक बुजलं असतं. त्यापेक्षा साहेबांचा चमचा म्हणवून घेणं त्यांना परवडायचं.

त्याच सुमाराला केंद्रावर नवे मॅनेजर आले. तरुण, शिकलेले, भल्या मनाचे. चाचा तासभर फडकं फिरवतात हे बघून त्यांना वाईट वाटलं असणार. मुंबईहून येताना त्यांनी एक बाटली आणली. आत दाट, दुधासारखं पांढरं काहीतरी. बादलीभर पाण्यात टोपणभर टाकायचं, त्या पाण्यानं गाडी धुवायची. चमकही येते आणि रंगावर थरही बसतो. वेगळं पुसायला नको. शिवाय धूळ धरत नाही म्हणून आठवड्यातून एकदा धुतलं तरी चालतं, पाणी वाचतं.

चाचा ती बाटली लेंग्याच्या खिशात घालून आमच्या दारात आले. वर इंग्रजी होतं.

“कॉलेजवाली, वाच बरं काय म्हणतंय.”

मी अडखळत वाचलं. पुष्कळसं कळलं नाही. पण शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं ते कळलं: पोटात जाऊ देऊ नये, लहान मुलांपासून दूर ठेवावं. मी तसं सांगितलं. चाचांनी बूच काढून वास घेतला. अत्तरासारखा गोड वास होता. त्यांनी बोटाला एक थेंब घेतला, चाखला आणि किती तरी वेळ थुंकत राहिले.

“कडू हाय का?” आईनं विचारलं.

“कडू असतं तर बरं झालं असतं, ताई. कडू असलं की जनावर तोंड लावत न्हाय. हे गुळमट लागतंय.”

त्या दिवसापासून त्यांनी मॅनेजरला फसवायला सुरुवात केली. गाडी नुसत्या पाण्यानं धुवायची, पाणी सगळं डोणीत गेलं की मगच बाटलीतला थेंब फडक्यावर घ्यायचा आणि बॉनेटवरून फिरवायचा, म्हणजे वास येईल. मॅनेजर वास घेऊन समाधानानं मान हलवायचे. पण आठवड्यातून एकदा धुण्याचं काही जमेना. मॅनेजरनी विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, “साहेब, दुष्काळाची धूळ हाय ही. हिला तुमच्या बाटलीची अजून वळख न्हाय.”

मग रमजान लागला. मेच्या उन्हात रोजे. चाचा गाडी चालवायचे, धुवायचे, आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही. रोज्यात त्यांची एक रीत होती. पहाटे रोजा धरल्यावर पाणी जिभेला लावायचं नाही, म्हणून ते ड्रम आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायचे. रोजा सोडला की त्या पाण्यात बोट घालून चाखायचे, ड्रमवर पोतं टाकायचे आणि घरी जायचे. सकाळी ते न चाखता धुवायला घ्यायचे. कालचं चाखलेलं पाणी आज तेच असणार. कितीतरी रमजान ते तसंच असत आलं होतं.

दुष्काळाची पाहणी करायला कुणी मंत्री येणार होते आणि चेअरमनसाहेबांची गाडी त्यांच्या गाडीमागं फिरणार होती. आदल्या दिवशी साहेबांनी मॅनेजरला सांगितलं, की उद्या गाडी आरशासारखी पाहिजे. चाचा संध्याकाळी नेहमीसारखे पाणी चाखून घरी गेले. मॅनेजर मागं थांबले होते. त्यांनी पोतं उचललं आणि अर्धी बाटली ड्रममध्ये ओतली. त्यांना वाटलं, रोज्याचा म्हातारा माणूस, तेवढंच त्याचं काम हलकं होईल.

सकाळी चाचांनी गाडी धुतली. मी दारात बसून पुस्तक वाचत होते. भिंतीपलीकडून त्यांचं गुणगुणणं येत होतं. पाणी डोणीत पडलं. मैना आली. तिच्यामागं दुसऱ्यांच्या तीन-चार शेळ्या. आत्याची पाठ, म्हणजे मैनेची आदल्या वेतातली मादी, पायात काटा मोडला म्हणून घरी बांधलेली होती.

पुढचं मी वडिलांकडून ऐकलं आणि उरलेलं डोळ्यांनी बघितलं. चेअरमनसाहेब मागच्या सीटवर येऊन बसले. चाचा मागचं दार लावून पुढचं उघडत होते. मॅनेजर बॉनेटकडं बघत खुशीत म्हणाले, “मौलाभाई, आज बघा कशी दिसतेय! अहो, मी काल ड्रममध्येच टाकून ठेवलं होतं.”

चाचा गाडीचं दार उघडं टाकून पळाले. साहेब आतून ओरडत राहिले. फाटकातून बाहेर, भिंतीला वळसा घालून, इस्त्रीच्या खाकीत, अनवाणी. आमच्या दारापुढून ते गेले तेव्हा मला त्यांचा चेहरा ओळखू आला नाही. डोणीजवळ पोचले आणि दोन्ही हातांनी पाणी बाहेर फेकायला लागले. हात पुरेनात म्हणून डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीनं उपसायला लागले. बायका घराबाहेर आल्या. त्या उन्हाळ्यात कुणी पाणी मातीत फेकताना त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असेल.

“अवो, याड लागलं का? पाणी कामून सांडताव?”

“शेळ्या धरा,” चाचा ओरडले. “आक्का, मैना कुठाय? मैनाला धरा!”

मैना जरा पलीकडं, भिंतीबाहेर आलेल्या लिंबाच्या सावलीत बसली होती. तिनं पोटभर प्यायलं होतं. गाभण होती, तिला तहान जास्त.

दुपारपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला. आत्यानं तिला गूळ घातला, ताक पाजलं, पोट चोळलं. छावणीतले जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती. बाकीच्या शेळ्या दोन दिवस लोळत पडल्या आणि उठल्या. डॉक्टर म्हणाले, त्या बाटलीनंही असेल, उपाशी पोटी भसाभस पाणी प्याल्यानंही असेल, शेळी आधीच खंगलेली होती. नक्की सांगता येत नाही. हे ‘नक्की सांगता येत नाही’ चाचांनी पुढं कितीतरी वेळा स्वतःशी म्हटलेलं मी ऐकलं आहे. त्यातून त्यांना आधार मिळत नव्हता. उलट बुडत्याला तळ लागत नाही तसं काहीतरी होत होतं.

संध्याकाळी ते आत्याच्या दारात येऊन उभे राहिले. सोबत मॅनेजरही होते, मान खाली घालून. आत्यानं शिव्या द्याव्यात म्हणून चाचा वाट बघत होते, असं मला वाटलं. आत्या चुलीपुढून उठली नाही.

“आक्का, वास आला होता,” चाचा म्हणाले. “सकाळी पाण्याला वास आला होता. मला वाटलं माझ्याच सदऱ्याचं अत्तर.”

आत्या म्हणाली, “जावा भाऊ. रोजा सोडायची येळ झाली.”

एवढंच. ती शिव्यांसाठी प्रसिद्ध बाई.

दुसऱ्या दिवशी चाचा मशिदीतल्या इमामांकडं गेले. काय विचारलं ते नंतर त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं. रोज्यात पाणी जिभेला लावून थुंकलं तर रोजा तुटतो का? इमाम म्हणाले, उगाच करू नये. पण कुणाचा जीव त्यावर असेल तर चाखावं, गिळू नये, थुंकून टाकावं. रोजा जात नाही.

“इतकी साधी गोष्ट,” चाचा म्हणाले. “बरसोंसे रोजे धरतो. कधी विचारलंच न्हाय मी. आमच्या उस्तादानं सांगितलं तेवढं केलं.”

केंद्रात वेगळंच चाललं होतं. तक्रार व्हायला नको म्हणून भोक सिमेंटनं बुजवा, असं चेअरमनसाहेबांनी सांगितलं. गवंडी आलाही. चाचा भोकापुढं बसून राहिले. वडील सांगत होते, साहेबांपुढं कधी मान वर न करणारा माणूस त्या दिवशी म्हणाला, “साहेब, बाटली आत ठेवायची असंल तर मला बाहेर काढा. भोक राहू द्या. पाण्याची हमी माझी.” साहेबांनी गवंड्याला हातानं परत पाठवलं. “बरं बाबा,” म्हणाले, “पण पुन्हा काही झालं तर मी तुम्हाला ओळखत नाही.” मॅनेजरनी उरलेली बाटली स्वतः नेऊन लांब खड्ड्यात पुरली.

म्हणजे पाणी वाचलं. चाचांनी डोणी वाळूनं घासली, राखेनं घासली, पुन्हा पुन्हा घासली. ड्रमही तसाच घासला. आता ते रोज्यातही सकाळी पाणी चाखू लागले, चाखून थुंकायचे, पुन्हा थुंकायचे, आणि मग गाडी धुवायचे. पाणी डोणीत पडायचं. निवळायचं. त्यात आभाळ दिसायचं.

पण एकही शेळी आली नाही.

मला त्या दिवसांतलं हेच जास्त आठवतं. सगळा मुलूख कोरडा, छावणीत जनावरं हंबरतायत, आणि आमच्या दारासमोर काठोकाठ भरलेली डोणी, जिच्याकडं कुणी फिरकत नाही. बायका आपापल्या शेळ्या दोरीला बांधून आटलेल्या ओढ्यात न्यायच्या, झरा उकरायच्या आणि करवंटीनं पाणी पाजायच्या. जाताना डोणीच्या बाजूनं शेळी ओढ घ्यायची. बाई दोरी हिसकायची. भिंतीवर चाचांचं डोकं दिसायचं, आणि खाली जायचं. दुपारी पाणी उन्हानं तापायचं. संध्याकाळी त्यात लिंबाची पानं पडलेली असायची.

एकदा ते आमच्या दारात नुसते टेकले होते. म्हणाले, “बेटा, तुला घंटी ऐकू येती का?” मैनेच्या गळ्यात पितळेची घंटी होती, ती आत्यानं सोडून आत खुंटीला लावली होती. मला ऐकू येत नव्हती. मी तसं म्हणाले. “सकाळी बादली बुडवली की येती,” ते म्हणाले आणि उठून गेले.

मग एका संध्याकाळी त्यांनी ते सुरू केलं. रोजा सोडायच्या वेळेला ते मशिदीत गेले नाहीत. एका हातात रुमालात दोन खजूर घेऊन भिंतीला वळसा घालून आले आणि डोणीच्या कडेला बसले. वस्तीत चुली पेटल्या होत्या. सगळे बघत होते. लांबून बांग ऐकू आली. चाचांनी खजूर तोंडात टाकला, ओंजळ डोणीत बुडवली आणि ते पाणी प्याले. गाडी धुतलेलं पाणी. दिवसभराच्या उपाशी पोटी. पोट भरेपर्यंत प्याले आणि तिथंच बसून राहिले, अंधार पडेपर्यंत, म्हणजे काही झालं तर सगळ्यांना दिसावं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आई म्हणाली, “ह्या माणसाला कुणीतरी सांगा.” सांगणार काय? चाचा कुणाला या म्हणाले नाहीत. आत्याच्या दाराकडं त्यांनी एकदाही मान वळवली नाही. ते नुसते प्यायचे आणि बसायचे. ईद जवळ आली होती. चंद्र बघायला आता गाव गच्चीवर चढणार होतं.

एकोणतिसाव्या रोज्याला बांग झाली. चाचांनी ओंजळ भरली तेव्हा मागं दोरी फरफटल्याचा आवाज आला. आत्या होती. दोरीला मैनेची ती लंगडणारी पाठ. बगलेत काहीतरी गुंडाळलेलं.

“काय म्हणतंय पाणी, भाऊ?”

चाचांचे हात तसेच अधांतरी राहिले. बोटांतून पाणी गळत होतं.

“गोडं हाय, आक्का.”

आत्यानं दोरी सैल सोडली. पाठीनं डोणीवर नाक नेलं, हुंगलं, मागं सरली. आत्या तिला ओढत नव्हती, ढकलतही नव्हती. पाठीनं पुन्हा मान पुढं केली आणि प्यायला लागली. तिच्या घशातून पाणी उतरल्याचा आवाज एवढ्या लांब मला ऐकू आला, किंवा मला तसं वाटलं. चाचा बघत नव्हते. ते भिंतीकडं तोंड करून बसले होते.

जाताना आत्यानं बगलेतलं गाठोडं भिंतीवर ठेवलं. पांढरं, हिरव्या काठाचं, विरलेलं लुगडं. “चेअरमनचं तोंड मळलं असंल,” म्हणाली, आणि शेळीला घेऊन गेली.

दुसऱ्या सकाळी डोणीवर सगळ्यांच्या शेळ्या होत्या. पण चाचांचं गुणगुणणं मात्र परत आलं नाही.

पाऊस त्यानंतर झाला, बरा झाला. मी पुन्हा कॉलेजला गेले. दुष्काळात लोकांनी जनावरं विकली होती. संघाला दूध कमी येत गेलं आणि केंद्र बंद पडलं. गाडी साहेबांनी विकली. वडील रोजंदारीला लागले. चाचा गाव सोडून कुठं तरी गेले असं आईनं सांगितलं.

मागच्या उन्हाळ्यात परीक्षा संपवून एसटीनं गावी चालले होते. रमजान चालू होता. येरमाळ्याला गाडी चहापाण्याला थांबली. हमरस्त्याच्या कडेला एका हॉटेलाजवळ ट्रक धुवायचं ठिकाण होतं, वर सिमेंटची टाकी, खाली नळी. नळी धरलेला म्हातारा अनवाणी होता. चपला बाजूला, टाचा भिंतीला टेकवून.

मी जवळ गेले. दाढीची मेंदी गेली होती. खांद्यावर हिरव्या काठाचं फडकं होतं, आता जाळीसारखं झालेलं.

“चाचा.”

त्यांनी बराच वेळ बघितलं. “कॉलेजवाली,” म्हणाले. मग वस्तीतल्या एकेकाचं नाव घेऊन विचारलं. आत्याच्या त्या पाठीला, मैनेच्या लेकीला, पिल्लं झाल्याचं मी सांगितलं. किती, हे त्यांनी दोनदा विचारलं.

ट्रकच्या टपावरून पाणी थेंब थेंब गोळा होऊन घरंगळत होतं, अळूच्या पानावरून घरंगळतं तसं. मला तो वास आला. गोड, अत्तरासारखा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

“मालक टाकीतच टाकतो. ट्रकवाल्यांना चमक पायजे. माझं कोण ऐकतंय?” ते म्हणाले. “म्हून ते बघ.”

धुण्याचं पाणी एका खड्ड्यात साठत होतं. खड्ड्याभोवती बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या, कमरेएवढ्या, दाट. हात घालायला जागा नव्हती. काट्या ताज्या तोडलेल्या दिसत होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले होते.

“इथं कोण येतंय प्यायला, चाचा? हमरस्ता आहे.”

“पाणी दिसलं की कुणीतरी येतंच, बेटा.”

तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली. चाचा दचकले. मी पळत जाऊन खिडकीशी बसले. गाडी मागं घेत होते म्हणून मला आणखी थोडं बघायला मिळालं. हॉटेलामागून एक शेळी आली होती. काट्यांपाशी जाऊन मान लांबवत होती. चाचांनी नळी टाकली आणि दोन्ही हात पसरून तिच्या आडवे झाले. तिला हाकलत हाकलत त्यांनी झाडाखाली नेलं. तिथं एक पत्र्याचं घमेलं होतं. शेजारच्या मडक्यातलं पाणी त्यांनी त्यात ओतलं. मालक त्यांना प्यायला देत असणार ते मडकं. रोज्यात ते तसंच भरलेलं राहत असणार.

शेळी पुढं आली. त्यांनी तिला गुडघ्यानं थोपवून धरलं. घमेल्यात बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं, डोळे मिटले.

आमची गाडी वळली. थुंकून ते बाजूला झाले की नाही, शेळीला त्यांनी कधी सोडलं, ते मला दिसलं नाही.